खाट घरची की हॉस्पिटलची? पक्षाघातानंतरच्या शुश्रूषेची ऐंशी वर्षं

आजच्या व्याख्यानाची सुरुवात एका शब्दापासून करू. वैद्यांच्या पोथ्यांमध्ये याला पक्षाघात किंवा पक्षवध म्हणतात, वर्तमानपत्रात अर्धांगवायू छापून येतं, गावात 'लकवा मारला' म्हणतात. आपल्या आज्या म्हणायच्या, 'अंगावरून वारं गेलं'. हा शेवटचा शब्दप्रयोग आम्हाला फार बोलका वाटतो. वारं जातं, म्हणजे ते येऊन गेलेलं असतं. जे व्हायचं ते होऊन गेलं, आता उरलं ते सांभाळायचं. आणि सांभाळायचं म्हटलं की ते घरातच, कोपऱ्यातल्या खाटेवर. आता आपण म्हणतो 'स्ट्रोक आला', आणि या शब्दाबरोबर अँब्युलन्स, सीटी स्कॅन आणि बिल अशी तीन दृश्यं लगेच डोळ्यांपुढे येतात. एकच आजार, पण एका शब्दात तो घरातला आहे आणि दुसऱ्यात हॉस्पिटलमधला.

आज आपण जो वाद बघणार आहोत तो या दोन खाटांमधला आहे. एक खुलासा मात्र आधीच करायला हवा, नाहीतर गैरसमज होईल. पहिल्या काही तासांबद्दल आज वाद राहिलेला नाही. तोंड वाकडं झालं, हात गळून पडला, बोलणं अडखळलं, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झालाय, हे स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत देतात, तेही ज्यांना चालतं त्यांनाच. वाद आहे तो त्यानंतरचा. जीव वाचला, एक बाजू लुळी आहे, बोलणं तुटक आहे. आता पुढचे आठवडे आणि महिने माणसाने कुठे काढायचे?

या इतिहासाचा बराचसा भाग इंग्लंडमध्ये घडतो. त्याला कारण आहे. तिथे हा वाद नुसता मतांचा राहिला नाही, लोकांनी तो मोजून बघितला आणि लिहून ठेवला. शेवटी आपण आपल्याकडे येऊच.

जुना काळ झटपट ओलांडू. मेंदूत रक्त साकळल्यामुळे हा झटका येतो, हे स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनच्या योहान याकोब वेप्फर नावाच्या डॉक्टरने शवविच्छेदनावरून १६५८ मध्ये मांडलं. कारण कळलं, पण उपचार पुढची दोन-अडीचशे वर्षं जुनेच राहिले: रक्त काढा, जुलाब द्या, झोपवून ठेवा. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्या घरी डॉक्टर येत, नर्स ठेवली जाई. देणग्यांवर चालणारी नावाजलेली हॉस्पिटलं असे 'बरे न होणारे' रोगी सहसा घेत नसत. मग गरिबांनी जायचं कुठे? १८३४ च्या कायद्यानुसार इंग्लंडभर जी वर्कहाउसं उभी राहिली, म्हणजे कंगालांना ठेवायच्या जागा, त्यांना जोडलेल्या इन्फर्मरीमध्ये. थोडक्यात, एकोणिसाव्या शतकात 'घर की हॉस्पिटल' हा प्रश्न वैद्यकाचा नव्हताच. तो खिशाचा होता. घरी राहायला मिळणं ही श्रीमंतांची चैन होती.

आता १९३५ मध्ये येऊ. लंडनच्या पश्चिमेला आयलवर्थ इथे वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटल होतं आणि शेजारीच अशी एक जुनी इन्फर्मरी. त्या वर्षी हॉस्पिटलने ती ताब्यात घेतली आणि तिथले ७१४ रोगी मार्जरी वॉरेन नावाच्या डॉक्टरबाईंच्या वाट्याला आले. वॉरेनबाईंचा ओढा खरं तर शस्त्रक्रियेकडे होता. म्हाताऱ्या, जुनाट रोग्यांचा वॉर्ड हा कोणत्याही महत्त्वाकांक्षी डॉक्टरला नको असलेलाच वाटा. पण बाईंनी एक साधी गोष्ट केली. प्रत्येकाला तपासलं.

हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्या खाटांवर वर्षानुवर्षं पडून असलेल्या कित्येकांना नक्की झालंय काय, हेच कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. पक्षाघाताचे रोगी, संधिवाताचे, वेड लागलेले, नुसतेच म्हातारे आणि निराधार, सगळे एकत्र. वॉरेनबाईंनी त्यांची वर्गवारी केली. आणि त्यांच्या लक्षात आलं की पक्षाघातवाल्यांतले कितीतरी जण आजारामुळे अंथरुणाला खिळलेले नाहीत. अंथरुणात ठेवल्यामुळे खिळलेले आहेत.

हे कसं होतं ते जरा समजून घेऊ, कारण पुढचा सगळा इतिहास यावर उभा आहे. लुळा पडलेला हात तसाच लोंबकळत राहिला की खांदा खाली ओढला जातो आणि दुखायला लागतो. दुखतो म्हणून कुणी हलवत नाही, न हलवल्यामुळे तो आखडतो. बोटं आत मिटत जातात. पाऊल पांघरुणाच्या भाराने खाली झुकतं आणि पोटरीचा स्नायू तसाच आखूड होतो. मग दोन महिन्यांनी पायात थोडी ताकद परत आली तरी टाच जमिनीला टेकत नाही. माणूस उभा राहू शकत नाही, म्हणून झोपूनच राहतो. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रोजचं प्रत्येक काम दुसरंच कुणीतरी करून टाकतं, त्यामुळे आपल्याला काही करता येतं हेच माणूस विसरतो.

वॉरेनबाईंनी लोकांना उठवून बसवलं, उभं केलं, चालवलं. वॉर्डच्या भिंतींना उजळ रंग दिला, उजेड वाढवला, चांगल्या गाद्या आणल्या. फिजिओथेरपी सुरू केली. पुष्कळ रोगी बरे होऊन बाहेर पडले आणि खाटा रिकाम्या होऊ लागल्या. १९४३ मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं, १९४६ मध्ये लॅन्सेटमध्ये. त्यांचं मागणं असं होतं की अशा रोग्यांना वेगळ्या कोंडवाड्यात न ठेवता मोठ्या हॉस्पिटलच्या आतच त्यांचा विभाग असावा, जिथे तपासण्या आहेत, शिकणारे डॉक्टर आहेत, लोकांची नजर आहे. यातूनच पुढे वृद्धचिकित्सा ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा उभी राहिली. तेव्हा इतिहासात 'हॉस्पिटल'च्या बाजूने बोलणारी पहिली खंबीर व्यक्ती कोण, तर जिचा सगळा खटाटोप लोकांना घरी पाठवण्यासाठी होता ती! ही गंमत आपल्याला पुढे पुन्हा दिसेल.

१९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, उपचार सर्वांना मोफत झाले. १९५८ मध्ये ऑक्सफर्डला लायोनेल कोसिन यांच्या पुढाकाराने डे हॉस्पिटल उघडलं. म्हणजे सकाळी या, व्यायाम करा, जेवा, संध्याकाळी घरी. घर आणि हॉस्पिटल यांच्यामधला हा पहिला पूल म्हणायला हरकत नाही. पण देशभरातल्या पक्षाघाताच्या रोग्यांसाठी फारसं बदललं नव्हतं. स्कॅनर यायला १९७१ उजाडावं लागलं. डॉक्टरांपाशी देण्यासारखं औषध नव्हतं, त्यामुळे त्यांना यात रसही नव्हता. फॅमिली डॉक्टर घरी येऊन बघून जात आणि बाकीचं घरच्यांवर सोडत.

अशा वातावरणात १९६५ मध्ये एक प्रकरण घडलं. ते इतकं गाजलं की त्याने 'घर' या शब्दाचा अर्थच पालटला.

पॅट्रिशिया नील ही हॉलिवूडची अभिनेत्री, 'हड' या चित्रपटासाठी ऑस्कर मिळवलेली. फेब्रुवारी १९६५ मध्ये लॉस एंजेलिसला तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. वय ३९, आणि ती गरोदर होती. मोठी शस्त्रक्रिया झाली, तीनेक आठवडे ती बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तेव्हा उजवी बाजू लुळी, बोलणं जवळजवळ गेलेलं. तिचा नवरा लेखक रोआल्ड डाल. हो, तोच, चार्ली आणि चॉकलेटच्या कारखान्याची गोष्ट लिहिणारा. त्याने तिला इंग्लंडमध्ये ग्रेट मिसेन्डन या गावच्या घरी आणलं.

डालने हिशेब मांडला. थेरपिस्टचा तास संपल्यावर दिवसाचे उरलेले तास बाई भिंतीकडे बघत बसणार. ते कुणी भरायचे? त्याने गावातल्या शेजाऱ्यांना, ओळखीपाळखीच्यांना कामाला लावलं. पाळ्या ठरल्या. एकीने यायचं, तासभर वाचून घ्यायचं, शब्द ओळखून घ्यायचे, पत्ते खेळायचे; ती गेली की दुसरी. रोज काही तास, आठवड्यामागून आठवडे. या मंडळींत व्हॅलरी ईटन ग्रिफिथ नावाच्या शेजारीण होत्या. त्या थेरपिस्ट नव्हत्या, पण त्यांनी चिकाटीने काम केलं आणि काय चालतं, काय नाही, हे टिपून ठेवलं. ऑगस्टमध्ये नीलला धडधाकट मुलगी झाली. १९६८ मध्ये ती पुन्हा पडद्यावर दिसली आणि त्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकनही मिळालं. ग्रिफिथबाईंनी १९७० मध्ये आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिलं आणि १९७३ पासून स्वयंसेवकांची एक योजनाच उभी राहिली. वाचा गेलेल्यांच्या घरी सामान्य माणसांनी जाऊन बसायचं, बोलायचं, खेळायचं.

ही गोष्ट ऐकली की सगळ्यांना वाटतं, बघा, घरासारखं दुसरं काही नाही. आम्ही इथे जरा थांबतो. एक तर नील ३९ वर्षांची होती. पक्षाघाताचा नेहमीचा रोगी सत्तरीच्या आसपासचा असतो, त्याला मधुमेह असतो, हृदयाचा त्रास असतो. दुसरं, घरात पैसा होता, नोकरचाकर होते. स्वयंपाक, मुलं, कपडे हे सगळं सांभाळून मग उरलेल्या वेळात शुश्रूषा, असा मामला नव्हता. तिसरं म्हणजे अशा आजारात पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपला आपणही बराच सावरतो. श्रेय कुणाला किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही. आणि खुद्द नीलने १९८८ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्या दिवसांतला नवऱ्याबद्दलचा राग लपवलेला नाही. त्याची पद्धत कठोर होती, काहींना तर ती क्रूर वाटली होती.

तरीही या गोष्टीतलं एक निरीक्षण पक्कं आहे. ग्रेट मिसेन्डनमध्ये जे उपयोगी पडलं ते घराचं छप्पर नव्हतं. ठरलेल्या वेळी ठरलेलं माणूस येत होतं आणि ते काहीतरी करवून घ्यायला येत होतं.

१९८० च्या सुमारास मोजदाद सुरू झाली. रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे आणि दोन पद्धती ताडून बघायच्या, असा हा प्रकार. एडिंबरामध्ये ३११ वयस्क रोग्यांवर अशी चाचणी झाली. निम्म्यांना पक्षाघातासाठीच असलेल्या खास विभागात ठेवलं, ज्याला आता स्ट्रोक युनिट म्हणतात, आणि निम्म्यांना नेहमीच्या जनरल वॉर्डात. युनिटमधून बाहेर पडताना स्वतःचं स्वतः करू शकणारे लोक स्पष्टपणे जास्त होते. मग वर्षभराने पुन्हा पाहिलं, तर फरक पुसला गेला होता!

असं का झालं असावं? संशोधकांनी दोन शक्यता मांडल्या. जनरल वॉर्डातले लोक लवकर घरी गेले आणि घरच्या कामांना लवकर भिडले, ही एक. आणि दुसरी म्हणजे, युनिटमधून आलेल्यांना घरच्यांनी नको इतकं जपलं. ही दुसरी शक्यता एडिंबरातली असली तरी आपल्याला ओळखीची वाटावी. 'राहू दे हो, मी भरवते', 'तुम्ही बसा, मी आणून देतो', 'पडाल, उठू नका'. हॉस्पिटलमध्ये सहा आठवडे खपून शिकलेलं सदऱ्याचं बटण लावणं घरी चार दिवसांत सुटतं. प्रेमानेच सुटतं.

मग १९८५ मध्ये ब्रिस्टॉलच्या परिसरातून दुसरा निकाल आला. तिथे ८५७ रोग्यांवर प्रयोग झाला. कल्पना अशी की झटका आल्यापासूनच घरी मदत पुरवायची, म्हणजे लोकांना दाखल करावंच लागणार नाही, खाटा वाचतील. सरकारी तिजोरीला हे सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. घरपोच सेवा मिळालेल्या गटाने हॉस्पिटलचा वापर काही कमी केला नाही. झटका आलेल्या रात्री घाबरलेल्या कुटुंबाला 'उद्या फिजिओथेरपिस्ट येतील' हे आश्वासन पुरत नाही, हे खरं तर प्रयोगाआधीही सांगता आलं असतं.

दरम्यान नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला २२० रोग्यांची चाचणी झाली, १९९१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी बघितलं तर स्ट्रोक युनिटमध्ये गेलेल्यांपैकी ५६ टक्के लोक घरी राहत होते आणि जनरल वॉर्डात गेलेल्यांपैकी फक्त ३३ टक्के. पुन्हा तीच वॉरेनबाईंची गंमत. घरी जाण्याची शक्यता वाढवायची असेल तर आधी योग्य हॉस्पिटलमध्ये जा. १९९३ मध्ये पीटर लँगहॉर्न आणि सहकाऱ्यांनी अशा १० चाचण्या एकत्र केल्या, १५८६ रोगी. पहिल्या चार महिन्यांतल्या मृत्यूंची शक्यता युनिटमुळे सुमारे २८ टक्क्यांनी घटलेली दिसली.

आणि या युनिटमध्ये जादू कसली होती? नवं औषध एकही नव्हतं. पाण्याचा घोट देण्याआधी गिळता येतंय का हे तपासत, म्हणजे पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होत नसे. ताप, साखर, रक्तदाब यांवर लक्ष. कूस बदलणं, लवकर उठवून बसवणं. आठवड्यातून एकदा तरी डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, वाचा शिकवणारे असे सगळे एका टेबलाभोवती बसून प्रत्येक रोग्याबद्दल बोलत. जनरल वॉर्डातही ही माणसं होती, पण ती एकमेकांशी बोलत नव्हती. बस, एवढाच फरक. (लवकर उठवणं म्हणजे किती लवकर, यावरही पुढे चाचणी झाली. २०१५ मध्ये आलेल्या त्या २१०४ रोग्यांच्या चाचणीत पहिल्या चोवीस तासांतच वारंवार आणि खूप उठवलेल्यांचे निकाल जरा वाईटच निघाले. वॉरेनबाईंचा मुद्दा बरोबर होता म्हणून तो ताणावा असं नाही.)

मग थेट सामना झाला २००० मध्ये, लंडनला, ललित कालरा यांच्या चाचणीत. ४५७ रोगी, तीन गट. पहिला गट स्ट्रोक युनिटमध्ये. दुसरा जनरल वॉर्डात, पण तज्ज्ञांचं पथक तिथे येऊन सल्ला देऊन जाणार. तिसरा स्वतःच्या घरी, तज्ज्ञ पथकाच्या देखरेखीखाली. वर्षानंतर मरण पावलेले किंवा कायमचे संस्थेत राहायला गेलेले असे किती? युनिटमध्ये १४ टक्के, वॉर्डात ३० टक्के, घरी २४ टक्के. घरच्या गटातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना शेवटी दाखल करावंच लागलं, हेही सांगायला हवं.

हे आकडे नीट बघा. युनिट पहिलं आलं, त्यात शंका नाही. पण शेवटून पहिलं कोण? हॉस्पिटलच! साधा वॉर्ड, जिथे तज्ज्ञ येतात, कागदावर लिहून जातात आणि ते करणारं कुणी नसतं. घर आणि वॉर्ड यांच्यातल्या फरकावर फार मनोरे रचू नयेत, पण 'हॉस्पिटल म्हणजे सुरक्षित' हे समीकरण त्या दिवशी मोडलं, असं आमचं मत आहे.

याच सुमाराला तिसरी वाट रुळत होती. सुरुवातीचे दिवस युनिटमध्ये काढायचे आणि मग नेहमीपेक्षा लवकर घरी सोडायचं. मात्र रोग्याबरोबर युनिटची माणसंही घरी जाणार. लंडन, न्यूकासल, स्टॉकहोम इथे हे करून बघितलं गेलं. २००५ मध्ये अशा ११ चाचण्या एकत्र केल्या, १५९७ रोगी. हॉस्पिटलमधला मुक्काम सरासरी आठ दिवसांनी घटला आणि शंभर रोग्यांमागे पाच जण मृत्यूपासून किंवा परावलंबी जगण्यापासून वाचले. फायदा झाला तो मुख्यतः सौम्य आणि मध्यम झटक्याच्या लोकांना. कारणही समजण्यासारखं आहे. हॉस्पिटलच्या जिममधल्या तीन लाकडी पायऱ्या चढता येणं वेगळं आणि स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडता येणं वेगळं. थेरपिस्ट घरी आला की तो तुमच्याच किटलीवर, तुमच्याच न्हाणीघरात सराव घेतो.

आणखी एक चाचणी आम्हाला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. ब्रॅडफर्डला १९९२ मध्ये जॉन यंग आणि ॲन फोर्स्टर यांनी हॉस्पिटलमधून सुटलेल्या, साठीपुढच्या १२४ जणांची तुलना केली. निम्मे डे हॉस्पिटलला जात, निम्म्यांकडे फिजिओथेरपिस्ट घरी येई. घरचे थोडे पुढे राहिले. पण त्यांनी आणखी एक गोष्ट मोजली होती, ती म्हणजे सांभाळणाऱ्यांचं मन. सहा महिन्यांनी दोन्ही गटांतल्या सुमारे पाव काळजीवाहकांची मनःस्थिती ढासळलेली होती. म्हणजे खाट कुठलीही असो, तिच्या शेजारी बसलेल्या माणसाचा हिशेब कुणी मांडलेलाच नव्हता. इंग्लंड असो की कोल्हापूर, हे माणूस बहुतेक वेळा बायको, सून किंवा मुलगी असतं.

आता आपल्याकडे येऊ. गडचिरोलीतल्या ८६ गावांमध्ये एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात झालेल्या प्रत्येक मृत्यूची डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि 'सर्च' संस्थेतल्या सहकाऱ्यांनी चौकशी केली. १५९९ मृत्यू. त्यातले १४.३ टक्के पक्षाघाताने, दुसऱ्या कुठल्याही कारणापेक्षा जास्त. आणि या लोकांपैकी सुमारे ८७ टक्के घरीच गेले. जवळजवळ निम्मे पहिल्या महिन्यातच गेले. हेही 'घरी उपचार'च म्हणायचे का? इथे घर निवडलेलं नाही. निवडण्यासारखं दुसरं काही नव्हतं. वर्कहाउसच्या काळात घर ही चैन होती. गडचिरोलीत ती सक्ती आहे. शब्द एकच.

मग आपल्यासारख्या देशात करायचं काय? स्ट्रोक युनिटं मूठभर, तीही शहरांत. फिजिओथेरपिस्ट मोजके. पण कुटुंबं आहेत, माणसं आहेत. तेव्हा घरच्यांनाच शिकवावं, ही कल्पना कुणालाही पटेल अशी आहे. आधार म्हणून लंडनचीच आणखी एक चाचणी होती, २००४ ची. ३०० रोगी, सांभाळणाऱ्यांना हॉस्पिटलमध्येच प्रत्यक्ष शिकवलं तर खर्च घटला आणि त्यांचा स्वतःचा भारही हलका झाला. मात्र तोच प्रयोग ब्रिटनमध्ये ३६ युनिटं आणि ९२८ रोगी घेऊन मोठा केला, तेव्हा २०१३ मध्ये निकाल आला की काही फरक पडला नाही.

भारतात ही चाचणी झाली ती 'अटेंड' या नावाने. लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन आणि ऑस्ट्रेलियाचे रिचर्ड लिंडली हे त्यात पुढे होते. देशभरातली १४ हॉस्पिटलं, १२५० रोगी. रोगी दाखल असतानाच घरातल्या एकाला काही दिवस शिकवायचं: कूस कशी बदलायची, खाटेवरून खुर्चीत कसं घ्यायचं, हाताचे व्यायाम, रोजच्या कामांचा सराव. मग ते घरी चालू ठेवायचं, आणि अधूनमधून पाठपुरावा. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल छापून आला. सहा महिन्यांनी मरण पावलेले किंवा परावलंबी असलेले: शिकवलेल्या गटात ४७ टक्के, न शिकवलेल्या गटात ४७ टक्के.

अनेकांना हा निकाल पचला नाही. आपली कुटुंबव्यवस्था, आपली मायेची माणसं, त्यांचा उपयोग नाही म्हणजे काय? आम्ही त्याचा अर्थ असा लावतो. आपल्याकडची कुटुंबं न शिकवताही होतं तेवढं करतच होती. त्यांना वर आणखी एक वही आणि व्यायामाची यादी दिली. पण त्यांचे तास वाढले नाहीत, घरात आणखी माणूस आलं नाही, आणि दर आठवड्याला बघून 'हा खांदा चुकीचा धरताय' असं सांगणारं कुणी दारात उभं राहिलं नाही. स्टॉकहोममध्ये आणि लंडनमध्ये जे घरी पोहोचलं होतं ते पथक होतं. इथे पोहोचली ती जबाबदारी. आणि ही चाचणी 'घरी काही उपयोग नाही' असं सांगत नाही. ती एवढंच सांगते की पगारी, शिकलेल्या माणसाचं काम थकलेल्या सुनेवर सोपवलं की ते होत नाही.

पैशाची व्यवस्थाही हेच बोलते. आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये आली, त्यात घरी सोडल्यानंतरचा खर्च धरलाय तो १५ दिवसांपुरता. पक्षाघाताच्या रोग्याला पंधराव्या दिवशी जेमतेम तोल सावरून बसता येत असतं. पुढचे सहा महिने घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, दिवसपाळीची आया, डायपर, भाड्याची खाट, हे सगळं खिशातून. म्हणून मग लोक दोन टोकं गाठतात. ऐपत असेल तर विनाकारण हॉस्पिटलमध्ये लांबवायचं, नसेल तर चौथ्या दिवशी सही करून घरी न्यायचं.

प्रश्नोत्तरांत एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे, ती वाचतो: 'वडिलांना परवा घरी सोडणार आहेत. डॉक्टरांना काय विचारू?'

हा प्रश्न इतिहासाचा नाही, पण उत्तर इतिहासातच आहे. तोंडाने पाणी द्यायला परवानगी आहे का आणि गिळण्याची तपासणी कुणी केली, हे आधी विचारा. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर काय द्यायचं, हेही. उठवताना लुळा हात कधीच ओढायचा नाही. मग कुठे धरायचं, हे फिजिओथेरपिस्टकडून स्वतः करून बघून शिका, आणि रात्री जो सांभाळणार आहे त्यालाही तिथे न्या. रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी कोणती, किती दिवस, कुणाला न विचारता बंद करायची नाही ना, हे लिहून घ्या. घरी पहिल्या दोन आठवड्यांत कोण येणार, कितीदा येणार, हे नाव आणि वार घालून ठरवा. 'फोन करा' हे उत्तर पुरेसं मानू नका. आणि सदऱ्याचं बटण त्यांना लावू द्या, वीस मिनिटं लागली तरी.